उभ्या गाडीचं पेट्रोल

‘श्रीपाद यशवंतराव ढोमणे. वय सत्तेचाळीस. नजर घारीची, नाक कुत्र्याचं, कान सशाचे, स्मरणशक्ती हत्तीची. ज्या प्रकरणाला हात घालतो, त्याचा निकाल लावतो.’

माझ्या नवऱ्याने आपल्या तपासवहीच्या पहिल्या पानावर स्वतःविषयी हे लिहून ठेवलं आहे. एका देहात इतकी जनावरं राहायला आल्यावर माणसाची थोडी अडचण होणारच. एरवी ते रायपूरला रेल्वेच्या भांडारात नट-बोल्ट मोजतात. सहा वर्षांपूर्वी साहेबांचा हरवलेला चष्मा त्यांनी साहेबांच्याच कपाळावर शोधून काढला आणि तेव्हापासून त्यांना हा गुप्तहेरीचा आजार जडला. मी निवेदिता, त्यांची बायको. वहीत माझा हुद्दा ‘सहायक’ असा आहे. सहायकाने चहा करायचा, मधूनमधून ‘अरे वा’ म्हणायचं आणि तपासाचा खर्च द्यायचा.

हे प्रकरण सुरू झालं एका नोटिशीने. माझ्या आईने लग्नात दिलेल्या दोन पाटल्या दोन वर्षांपासून सोनेतारण कर्जात अडकल्या होत्या. तीस जूनपर्यंत अडुसष्ट हजार भरा, नाहीतर लिलाव करू, असं त्या कंपनीने कळवलं. आई आता नाही. तिच्या हातात लहानपणापासून पाहिलेलं सोनं कुणी परका माणूस वजनावर घेऊन जाणार होता.

पाटल्या गेल्या गाडीपायी. आमच्या घरी दोन पिढ्या रेल्वेची नोकरी. नागपूरला जायला फुकटचा पास मिळतो आणि तो दर वर्षी कपाटात पडून संपतो. पण श्रीपादरावांची थोरली बहीण, प्रमोदिनीताई, नागपूरला असतात. त्यांच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांनी विचारलं, “रायपूरहून ट्रेननं आले? अरेरे.” ह्या एका ‘अरेरे’ची किंमत आम्हाला पडली तीन लाख साठ हजार. एका डॉक्टरने वापरलेली जुनी पांढरी गाडी दारात आली. सुरुवातीच्या रकमेसाठी पाटल्या गेल्या, उरलेल्याचा महिन्याला आठ हजार दोनशेचा हप्ता बसला. त्यानंतर गाडीने आम्ही नागपूरला तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा ते व्याही बाहेरगावी होते.

नोटीस आली तेव्हा मी इकडून तिकडून बेचाळीस हजार जमवले होते. सव्वीस कमी पडत होते. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी घरात सभा भरली. अध्यक्ष अर्थातच मामाजी, म्हणजे माझे सासरे यशवंतराव. रेल्वेचे निवृत्त गार्ड, वय अठ्ठ्याहत्तर.

“खर्च कापा,” मामाजी म्हणाले. “गाडी बंद. श्रीपाद, तू ऑफिसले शेअर ऑटोनं जा. राधिका, तुही स्कूटी दिवसाआड. आन् हा घरातला एसी बंद. बिल पाहा किती येऊन राहिलं ते!”

“मामाजी, मे महिना लागतो आहे,” मी म्हणाले. “पारा पंचेचाळीसवर जाईल. तुम्हाला सोसवणार नाही.”

“मले? चौतीस वर्षं मालगाडीच्या तापल्या ब्रेकव्हॅनमध्ये काढली मी. मले नाही लागत एसीफेसी. सूनबाईच्या पाटल्या पहिले.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. राधिकेच्याही डोळ्यांत आलं, पण ते एसीसाठी. राधिका आमची मुलगी, कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं समजतं. उत्तर मात्र ती हिंदीत देते.

गाडीचं पेट्रोल, वीज आणि बाहेरचं खाणं मिळून महिन्याला तेरा हजार वाचतील आणि दोन महिन्यांत पाटल्या सुटतील, असा हिशोब बसला. वाचलेले पैसे टाकायला मी बिस्किटांचा रिकामा डबा काढला. गाडी बंद करायच्या आधी श्रीपादरावांनी काटकसरीची सुरुवात म्हणून टाकी फुल्ल भरून आणली.

“गाडी चालवायचीच नाही, तर पेट्रोल कशाला भरलं?” मी विचारलं.

“दोन दिवसांत भाव वाढून राहिले. मले आतली खबर आहे.”

भाव जिथल्या तिथे राहिले. मग वहीत असं लिहिलं गेलं की जुलैत प्रमोदिनीताईंच्या मुलाचं लग्न आहे आणि ही टाकी त्यासाठी राखीव आहे. त्यांनी गाडीच्या किलोमीटरचा आकडाही लिहून ठेवला, एकेचाळीस हजार तीनशे शहाऐंशी. गाडी कुलूपबंद झाली आणि किल्ली देवघराजवळच्या खिळ्याला लागली.

बारा मेच्या सकाळी श्रीपादरावांनी गाडी पुसता पुसता सहज किल्ली फिरवून पाहिली आणि धावत आत आले. टाकीचा काटा निम्म्याच्या खाली उतरला होता. किलोमीटरचा आकडा मात्र होता तोच. फाटकाला कुलूप, गाडीला कुलूप, टाकीच्या झाकणालाही कुलूप.

“गाडी जागची हलली नाही आन् पेट्रोल गेलं!” ते म्हणाले. आवाजात दुःख असायला हवं होतं, पण त्यांना आनंद लपवता येईना. “निवेदिता, असं प्रकरण शंभर वर्षांत एकदा येते.”

“दोन हजार रुपये गेले,” मी म्हणाले.

“सहायकानं रकमेकडे पाहू नये. रहस्याकडे पाहावं.”

पहिला सिद्धांत उन्हाचा होता. रायपूरच्या उन्हात पेट्रोल तापून तापून झाकणाच्या फटीतून उडून गेलं, असं त्यांनी चहा पिताना जाहीर केलं.

“पापा, फिर तो पंपवाले अपना पेट्रोल फ्रिज में रखते होंगे,” राधिका म्हणाली.

ह्या उद्धटपणाबद्दल तिला संशयितांच्या यादीत पहिलं स्थान मिळालं. संध्याकाळी तिची चौकशी झाली. श्रीपादराव खुर्चीत, ती वेताच्या मोड्यावर, मध्ये टेबललॅम्प. बाहेर अजून लख्ख उजेड होता, पण दिव्याशिवाय चौकशी होत नाही म्हणे.

“तुया स्कूटीत पेट्रोल अर्धं भरतो, तरी तू कॉलेजात रोज जाते. कशी?”

“सोनिया के साथ, पापा. एक दिन उसकी स्कूटी, एक दिन मेरी.”

“गाडीतून नळीनं ओढून स्कूटीत टाकलं नाही?”

“मुँह से? मैं तो नारियल पानी का स्ट्रॉ भी धोकर लेती हूँ.”

‘संशयित हुशार आहे,’ वहीत नोंद झाली. कॉलेजला दोघींनी मिळून जाण्याने पेट्रोल निम्मं होतं, ही साधी गोष्ट आमच्या घरात फक्त तिला सुचली होती. तिची नोंद कुठेच झाली नाही.

नळीचा विचार मात्र श्रीपादरावांच्या डोक्यातून जाईना. शेजारच्या निरंजनबाबूंकडे बागेला पाणी घालायची हिरवी लांब नळी आहे. दुसऱ्या दिवशी आमचे गुप्तहेर भिंतीवरून वाकले आणि नळीचं टोक ओढून त्यांनी हुंगून पाहिलं. वास येईना, म्हणून तोंडाने ओढून पाहिलं. त्या दिवशी निरंजनबाबूंनी पिंपात शेणखत कालवलं होतं आणि नळीचं दुसरं टोक त्या पिंपात होतं.

“ढोमणेसाहेब,” निरंजनबाबू भिंतीपलीकडून म्हणाले, “तहान लागली होती तर आवाज द्यायचा. आम्ही सरबत पण करतो.”

पुढचे दोन दिवस पोटाच्या तक्रारीत गेले. औषधाचे तीनशे वीस रुपये डब्यातून गेले. निरंजनबाबूंना यादीतून वगळण्यात आलं. मात्र ‘त्यांनी मुद्दाम विषप्रयोग केला काय?’ असं एक पोटप्रकरण नव्या पानावर उघडलं गेलं.

मग सापडला पुरावा. एका संध्याकाळी मी दवाखान्यातून घरी आले. मी एका खासगी दवाखान्यात बिलाच्या खिडकीवर बसते, दहा ते सहा. पाहते तर श्रीपादराव पोर्चमध्ये गाडीखाली पालथे. पुढच्या चाकाजवळ फरशीवर ताटलीएवढा ओला डाग होता. त्यांनी तो खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत टिपून घेतला, उजेडात धरला आणि शेणखताच्या अनुभवानंतरही चाखून पाहिला.

“पाणी!” ते म्हणाले. “आलं ध्यानात? चोर टाकीतलं पेट्रोल काढते आन् तेवढं पाणी भरते.”

“तेवढं पाणी भरलं असतं, तर काटा खाली कसा आला असता?”

“सहायकानं मधात बोलू नये.”

टाकीतलं पाणी काढायला अश्विन मेकॅनिकला बोलावलं. तो तासभर गाडीखाली आणि बॉनेटखाली राबला, हात पुसले आणि म्हणाला, “भैया, टाकीत पेट्रोलच आहे. फक्त कमी आहे.”

“आन् दुसरं काही संशयास्पद?”

“काही नाही. उलट बॅटरी एकदम टकाटक आहे. पंधरा दिवस उभ्या गाडीची इतकी चांगली राहत नाही.”

अश्विनने सातशे रुपये घेतले. मी त्याच्या त्या वाक्यावर विचार करायला हवा होता, पण माझं लक्ष डब्यातून जाणाऱ्या नोटांकडे होतं. श्रीपादरावांनी विचार केला आणि लिहिलं, ‘चोर पेट्रोल नेतो, पण बॅटरी चार्ज करून जातो. चोर मनाने वाईट नाही.’

आता पहारा बसवायचा ठरला. दिवसा आम्ही दोघं कामावर, राधिका कॉलेजात किंवा सोनियाकडे. तेव्हा मामाजी स्वतःहून पुढे आले.

“तू काहून सुट्टी घेतं? मी आहो ना घरी. दुपारी मी गाडीत बसून पहारा देतो.”

“गाडीत?” मी विचारलं.

“बाहेर बसलो, तर चोराले दिसन ना मी.”

“मामाजी, गाडीत भाजून निघाल तुम्ही. नको.”

“पाटल्या पहिले,” मामाजी म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

श्रीपादराव भारावले. ‘पहारेकरी: यशवंतराव. विश्वासार्हता: शंभर टक्के,’ त्यांनी लिहिलं. मी रोज कामावर जाताना मामाजींसाठी ताकाची बाटली भरून ठेवू लागले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस माझ्या आईच्या सोन्यासाठी पत्र्याच्या डब्यात बसून घाम गाळतो आहे, ह्या विचाराने मला दवाखान्यात कुणाचं बिल धड बनवता येईना. संध्याकाळी मी अपराधी चेहऱ्याने विचारायची, “फार त्रास झाला का?”

“चालते,” मामाजी म्हणायचे. “आज कोणी नाही आलं.”

दिसायला मात्र ते ताजेतवाने दिसायचे. जेवणही वाढलं होतं. कर्तव्य केल्याने माणसाला तेज चढतं असं ऐकून होते, ते खरं असावं असं मला वाटलं.

पहारा बसल्यापासून पेट्रोल दुप्पट वेगाने जाऊ लागलं. काटा लाल रेघेला टेकला. श्रीपादरावांच्या मते चोर आता पहारेकऱ्याच्या नाकाखालून चोरी करत होता, म्हणजे तो आंतरराज्यीय टोळीचा असणार. त्यांनी साडेतीन हजारांचा कॅमेरा मागवायचं ठरवलं आणि डब्याकडे हात नेला.

तेव्हा माझा तोल गेला. मी डबा त्यांच्यासमोर उपडा केला. मे महिना सरत आला होता आणि वाचायला हवे होते तेरा हजार. होते चार हजार शंभर. बाकीचे फुल्ल टाकीत, ऑटोत, औषधात, मेकॅनिकमध्ये, भिंगात आणि बोटांचे ठसे घ्यायच्या पावडरमध्ये गेले होते. ती पावडर म्हणजे साधी टाल्कम होती, ते वेगळंच.

“तुम्ही चोर शोधून राहिले,” मी म्हणाले, “आणि इकडे माझ्या आईच्या पाटल्या चालल्या. ज्या दिवशी लिलाव होईल, त्या दिवशी तो चोर सापडला तरी मला सांगू नका.”

मी रडले. लपवण्यासारखं त्यात काही नाही. श्रीपादराव अगदी हळू म्हणाले, “रविवारपर्यंत वेळ दे. रविवारी मी चोर उभा करतो.”

रविवारी दुपारी सगळे घरी होते. पंखा गरम हवा खोलीभर फिरवत होता. श्रीपादरावांनी आम्हाला हॉलमध्ये अर्धवर्तुळात बसवलं आणि स्वतः येरझाऱ्या घालू लागले. मामाजी पंच्याने मान पुसत होते. सकाळपासून त्यांची चिडचिड चालली होती. दोनदा ते किल्लीच्या खिळ्यापर्यंत जाऊन परत आले होते.

“चोरी दुपारी होते,” श्रीपादराव म्हणाले. “डाग दुपारीच पडते. दुपारी फाटक उघडून आत कोण येते? असं कोण, ज्याच्यावर कोणी संशय घेणार नाही? ज्याच्या हातात भांडं असलं, तरी आपण विचारत नाही का भांडं काहून?”

त्याच क्षणी मागच्या दाराने कांताबाई आल्या, हातात डालड्याचा रिकामा डबा. कांताबाई मूळच्या गोंदियाकडच्या. दुपारी तीनला भांडी घासायला येतात.

“थांबा!” श्रीपादराव गरजले. “ह्या डब्यात काय असते?”

“पाणी, भैया.”

“कायचं पाणी?”

“गाडीचं.”

श्रीपादरावांनी विजयाने माझ्याकडे पाहिलं. “गाडीतलं पाणी! कबूल केलं! किती दिवसांपासून हे चालू आहे?”

“हव, एक तारखेपासून,” कांताबाई म्हणाल्या. “घरातला एसी बंद केला ना तुम्ही, त्याच दिवसापासून. बाबूजी दुपारी गाडी चालू करून, एसी लावून झोपते ना आत. तवा खालून पाणी टपकते. नळाले पाणी नाही, म्हणून मी डबा लावते आन् मोगऱ्याले टाकते. आज गाडी चालूच नाही केली का बाबूजीनं? मोगरा वाळून राहिला.”

मामाजी पंच्याची घडी अतिशय काळजीपूर्वक घालू लागले.

“बाबा,” श्रीपादराव कसेबसे म्हणाले, “मी तुम्हालेच पहाऱ्यावर बसवलं होतं.”

“मंग? मी रोज सांगतच होतो ना, का कोणी आलं नाही? खोटं बोललो का मी?”

राधिका उशीत तोंड खुपसून हसत होती. “दादाजी, आप तो मास्टरमाइंड निकले.”

मामाजी हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. “निवेदिता, जीव घाबरा होते गं आता. पहिल्या दिवशी वाटलं, पाच मिनिटं बसतो अन् उठतो. झोप लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. एसी बंद करा, हे मीच म्हटलं होतं. मंग कोणत्या तोंडानं सांगू, का मले सोसत नाही म्हणून?”

मला राग यायला हवा होता, निदान साडेतीन हजारांच्या पेट्रोलपुरता तरी. तो आलाच नाही. तापल्या ब्रेकव्हॅनची गोष्ट सांगणारा माणूस आता म्हातारा झाला आहे, हे आम्ही कुणी वेळेवर पाहिलं नव्हतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

“नुसतं सांगायचं ना, मामाजी,” मी म्हणाले.

कांताबाई मोरीशी बसून भांडी काढत होत्या. तिथूनच म्हणाल्या, “पण दीदी, एक इचारू? एसीले चाकं काहून पाहिजेत?”

“म्हणजे?”

“घरातला लावा ना दुपारचा. बाबूजीच्या खोलीत. गाडीतल्यापेक्षा स्वस्तात पडन. आन् ही गाडी चालवतच नाही, तर ठेवली कायले? तिचा हप्ता भरता, तिच्याच पायी सोनं गहाण टाकलं. आमच्या पाऱ्यात, वस्तीत, एक भैया गाड्या घेते-विकते. पाठवू का त्याले?”

महिनाभर आम्ही गाडीचं पेट्रोल वाचवत होतो, ऑटोने जात होतो, स्कूटी दिवसाआड काढत होतो, उकाड्यात शिजत होतो आणि ज्या गाडीने हे कर्ज केलं, तिला रोज फडक्याने पुसत होतो. तिला विकावं, हे ना गार्डाला सुचलं, ना गुप्तहेराला, ना त्याच्या सहायकाला.

“पण नागपूरले काय सांगू?” श्रीपादरावांनी विचारलं.

“सांग,” मामाजी म्हणाले, “बापानं झोपून संपवली.”

तो भैया दुसऱ्याच दिवशी आला. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, सीट दाबून पाहिली आणि म्हणाला, “एसी बहुत बढ़िया है.” मामाजींनी साक्षीदार म्हणून मान हलवली. सौदा दोन लाख पंचाहत्तर हजारांना झाला. बँकेचं उरलेलं कर्ज फिटून हातात पंच्याऐंशी हजार राहिले. त्यातूनच अडुसष्ट भरले. माझ्या बेचाळीस हजारांना हात लागला नाही. मामाजींच्या खोलीतला एसी दुपारी दोन ते पाच चालू झाला आणि महिन्याचा हप्ता थांबल्यामुळे बिलाची मला पहिल्यांदाच भीती वाटली नाही. श्रीपादरावांनी वहीत लिहिलं, ‘प्रकरण यशस्वीरीत्या निकाली. सहकार्य: कांताबाई.’ ते पान मी कांताबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, सहकार्य राहू द्या, पगार वाढवा. मी वाढवला.

वीस जूनला मी पाटल्या सोडवून आणल्या. त्या कंपनीच्या खिडकीसमोर, मागे रांग उभी असताना, साबण नाही, तेल नाही, नुसत्या जोराने चढवल्या. हात लाल झाले. आईचे हात माझ्याहून बारीक होते.

जुलैत आम्ही नागपूरला निघालो, चौघंही, पासावर. ट्रेन सुटताच मामाजी रेल्वेच्या घोंगडीत गुडूप झोपले. लग्नाच्या हॉलबाहेर प्रमोदिनीताईंची नवी कोरी मोठी गाडी फुलांनी सजवून उभी होती. ताई लगबगीने सामोऱ्या आल्या आणि आमच्या मागे पाहू लागल्या.

“रिक्षानं आले काहून? गाडी नाही आणली?”

श्रीपादरावांनी घसा साफ केला. “त्याचं असं आहे ताई, एक अत्यंत गुंतागुंतीचं प्रकरण—”

“आणली ना,” मी म्हणाले आणि दोन्ही हात पुढे केले. “ही काय, हातात घालून आले.”

ताईंनी पाटल्यांना बोट लावून पाहिलं. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, माझं मनगट धरून मला खांबाआड नेलं आणि कानाशी तोंड आणून विचारलं, “गाडी कोणी घेतली गं? आमची पण घेईन का तो?”